सत्कार नको, दाखल क्रमांक द्या

विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी मित्रमंडळ काढायचे ठरले की पहिल्याच बैठकीत एक यादी तयार होते. उद्घाटनाला कोणाला बोलवायचे, सभागृह कोणते घ्यायचे, शाली किती लागतील आणि फलकावर नावे कोणत्या क्रमाने घालायची. माजी विद्यार्थी, निवृत्त प्राध्यापक, गावातले दोन-चार चांगले वाचक, एखादा प्रकाशक अशी माणसे जमलेली असतात. हेतू निर्मळ असतो, उत्साहही खरा असतो. वर्षभरात तीन व्याख्याने होतात, एक कविसंमेलन होते, ग्रंथपालांचा सत्कार होतो, वार्तापत्राचा पहिला अंक निघतो आणि त्यात या सगळ्याची छायाचित्रे असतात. दुसऱ्या वर्षी अंक निघत नाही. या काळात ग्रंथालयाच्या कपाटांत काय फरक पडला, असे कोणी विचारले तर उत्तर देता येत नाही, कारण कार्यक्रमांचा आणि कपाटांचा संबंधच आलेला नसतो. हा लेख अशा मंडळात असलेल्या किंवा ते काढू पाहणाऱ्या वाचकांसाठी आहे आणि त्यातले म्हणणे एकच आहे. मंडळाचा प्रत्येक कार्यक्रम ग्रंथालयाच्या एखाद्या नेमक्या गरजेतून निघावा आणि त्याचा परिणाम दाखल नोंदवहीत, तालिकेत किंवा वाचकांच्या यादीत दाखवता यावा. जो कार्यक्रम तिथे दिसत नाही तो चांगला असू शकतो. पण त्यासाठी ग्रंथालयाच्या नावाने वेगळे मंडळ कशाला हवे? व्याख्यानमाला आपल्याकडे पुष्कळ आहेत.

याचा जुना आणि बोलका दाखला ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचा आहे. १६१०मध्ये सर थॉमस बोडलींनी लंडनच्या मुद्रक-प्रकाशकांच्या संघाशी करार केला आणि तिथे नोंदलेल्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला मिळू लागली. त्याच वाटेने १६२३ची शेक्सपिअरच्या नाटकांची पहिली एकत्रित आवृत्ती, ज्याला फर्स्ट फोलिओ म्हणतात, ती बोडलियनमध्ये आली. पुढे तिसरी आवृत्ती निघाल्यावर जुनी प्रत जास्तीची म्हणून विकून टाकली गेली असावी. १९०५मध्ये एक विद्यार्थी घरातले जुने पुस्तक बांधणीबद्दल सल्ला घ्यायला ग्रंथालयात घेऊन आला, आणि तिथल्या जाणकारांनी बांधणीवरून ओळखले की ही आपलीच हरवलेली प्रत. तोवर एका अमेरिकी संग्राहकाने तिच्यासाठी ३,००० पौंड देऊ केले होते. ग्रंथालयाकडे एवढा पैसा नव्हता. त्यांनी जाहीर आवाहन केले, लोकांनी वर्गणी दिली आणि १९०६मध्ये ती प्रत परत आली. आता यातले आवाहन नीट पाहा. ‘ग्रंथालयाला सढळ हाताने मदत करा’ असे ते नव्हते. एक पुस्तक, त्याची एक कहाणी, एक किंमत आणि एक मुदत, एवढे त्यात होते. देणाऱ्याला आपला पैसा कुठे जाणार हे दिसत होते. ‘फ्रेंड्स ऑफ द बोडलियन’ हे कायमचे मित्रमंडळ मात्र १९२५मध्ये निघाले. माझ्या मते या दोन तारखांमधले अंतर बोलके आहे: एक पुस्तक परत आणायला लोकांचा उमाळा पुरतो, पण वर्षानुवर्षे पुस्तके येत राहावीत यासाठी पत्ता, खाते आणि नोंदवही असलेली माणसे लागतात.

कोणी म्हणेल की ऑक्सफर्डचे उदाहरण आपल्याला काय कामाचे. तिथे शेक्सपिअर आहे, आपल्याकडे गळणारे छप्पर आहे. माझे उत्तर उलटे आहे. ज्या ग्रंथालयाला कायद्याने देशातले प्रत्येक पुस्तक मिळते, त्यालाही मित्रांची गरज पडली, तर ज्यांना काहीच आपोआप मिळत नाही त्यांना ती किती असेल? आपल्याकडे १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने चार ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते: कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय आणि मुंबईत टाउन हॉलमधले मध्यवर्ती ग्रंथालय. त्यात कोणतेही विद्यापीठ नाही. म्हणजे नांदेड, कोल्हापूर, जळगाव किंवा पणजीतल्या विद्यापीठाकडे जिल्ह्यातल्या छोट्या प्रकाशकाने काढलेले पुस्तक, एखाद्या साखर कारखान्याची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, गावाच्या इतिहासावर निवृत्त शिक्षकाने स्वखर्चाने छापलेली पुस्तिका यातले काहीही आपसूक पोचत नाही. ते विकत घ्यायचे तर आधी ते निघाले आहे हे कळायला हवे, आणि वितरकाच्या यादीत ते कधी नसते. दहा वर्षांनी एखादा विद्यार्थी त्या तालुक्यावर प्रबंध लिहायला बसतो तेव्हा त्याला याच कागदांची गरज असते.

इथेच दुसरा आक्षेप येतो: आता सगळे ऑनलाइन मिळते, मग कपाटांची काळजी का करायची. विद्यापीठात हा आक्षेप हल्ली जोरात घेतला जातो आणि त्यात तथ्य आहे. ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ या केंद्राच्या योजनेतून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये मंजूर झाले आणि २०२५पासून ३० मोठ्या प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके सरकारी शिक्षणसंस्थांना वाचता येऊ लागली. प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. पदार्थविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्याला याने फार मोठी सोय झाली, हे मान्य करायलाच हवे. पण ती सोय मुख्यतः आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या इंग्रजी नियतकालिकांची आहे. मराठी संशोधन पत्रिका, बंद पडलेली साप्ताहिके, दिवाळी अंक, संमेलनांच्या स्मरणिका, टंकलेखन यंत्रावर टाइप केलेले जुने प्रबंध हे त्या यादीत नाहीत आणि येणारही नाहीत. त्यामुळे मंडळाने आपले बळ कुठे लावावे हे या योजनेनेच सांगून टाकले आहे. जे जगभर मिळते त्याच्या मागे लागू नका; जे फक्त तुमच्या चार जिल्ह्यांत मिळते ते जमवा.

जमवायचे म्हणजे कसे? दिवाळी अंकांपासून सुरुवात करणे सोपे आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तिथून ही परंपरा मोजतात. दर वर्षी शेकडो अंक निघतात, घरोघरी वाचले जातात आणि पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जातात. मंडळाने डिसेंबर-जानेवारीत, अंक वाचून झाले की, एक रविवार ‘अंकसंकलन’ म्हणून जाहीर करावा. पण त्याआधी नियतकालिक विभागात बसून एक काम उरकले पाहिजे, आणि सगळा फरक त्यानेच पडतो: ग्रंथालयाकडे कोणत्या मासिकाचे कोणत्या वर्षाचे अंक नाहीत याची यादी करून ती आवाहनासोबत छापायची. ‘जुने अंक आणून द्या’ म्हटले की एकाच लोकप्रिय अंकाच्या चाळीस प्रती येतात. ‘अमुक मासिकाचे १९७४ ते १९७९मधले हे अंक हवे आहेत’ म्हटले की कोणीतरी माळ्यावर चढते. संकलनाच्या दिवशी टेबलाशी यादी घेऊन दोन विद्यार्थी बसवा. हवा असलेला अंक आला की देणाऱ्यासमोर खूण करा आणि नको असलेला तिथेच नम्रपणे परत द्या. जिल्ह्यातले छोटे प्रकाशक, नगर वाचनालये आणि स्मरणिका काढणाऱ्या संस्था यांना त्याच दिवशी एक साधे पत्र द्या की यापुढे निघेल त्याची एक प्रत विद्यापीठाला पाठवावी. अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयाचे दिल्ली कार्यालय १९६२पासून भारतीय भाषांतली पुस्तके, त्यांत मराठीही, तिकडच्या विद्यापीठांसाठी नियमाने विकत घेत आले. शिकागोसारख्या ठिकाणी मराठीचा चांगला संग्रह उभा राहिला तो या चिकाटीच्या व्यवस्थेतून. आपल्या मंडळाकडे तेवढे पैसे नसतील, पण पत्रे लिहायला आणि दर तिमाहीला आठवण करायला पैसे लागत नाहीत.

दुसरा कार्यक्रम पोथ्यांचा किंवा दुर्मीळ पुस्तकांचा. बऱ्याच जुन्या विद्यापीठांकडे हस्तलिखिते आहेत आणि बहुतेक माजी विद्यार्थ्यांना त्यांचा पत्ता नसतो. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या भगवतसिंहजी आणि भडकमकर या दोन संग्रहांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली, ती १९४४मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही संग्रह माणसांच्या नावाने ओळखले जातात. पण ते अभ्यासकाला वापरता येतात ते सूचीमुळे. सूची नसलेली पोथी कपाटात असून नसल्यासारखीच. म्हणून या संध्याकाळी नुसते प्रदर्शन मांडू नका. वीस-पंचवीस माणसांनाच बोलवा, पाच-सहाच पोथ्या बाहेर काढा, आणि त्या विषयातल्या एखाद्या प्राध्यापकाला प्रत्येकीबद्दल दहा मिनिटे बोलू द्या: विषय काय, नक्कल कोणी आणि कुठे केली, शेवटच्या पानावर काय लिहिले आहे, कागद कसा आहे. मग सांगा की अशा अजून किती पोथ्यांची नोंद व्हायची आहे, त्यांना नवी वेष्टणे आणि आम्लमुक्त पुठ्ठ्याचे खोके करायला एका पोथीमागे किती खर्च येतो. आकडा ग्रंथपालांकडून लेखी घ्या, अंदाजे सांगू नका. त्या संध्याकाळी आलेल्या माणसाला एका पोथीचे पालकत्व घेता येईल आणि सहा महिन्यांनी ती खोक्यात गेलेली पाहता येईल. हाताळणीचे नियम आधीच ठरवा. कागदाच्या पोथीला सुती हातमोज्यांपेक्षा स्वच्छ, कोरडे हात बरे, कारण हातमोज्यांत बोटांना कागदाची कड कळत नाही आणि पाने फाटतात. छायाचित्रांना मात्र मोजे हवेत. पाण्याच्या बाटल्या, चहा, हार, सगळे दाराबाहेर. आणि हो, दीपप्रज्वलनही. बोडलियनमध्ये वाचकाला आजही आत आग किंवा ज्योत न आणण्याची प्रतिज्ञा करावी लागते. आपल्याकडे शेकडो वर्षांच्या कागदापासून चार हातांवर समई पेटवून ग्रंथप्रेमाचे भाषण सुरू होते, याची मौज वाटावी की धास्ती, ते ज्याने त्याने ठरवावे.

विद्यार्थ्यांचा प्रश्न थोडक्यात. मंडळाच्या सभांना पांढरे केसच दिसतात अशी तक्रार सगळीकडे असते, आणि उपाय म्हणून वक्तृत्व स्पर्धा घेतली जाते. त्याहून चांगला मार्ग प्रिन्स्टन आणि केंब्रिजसारखी विद्यापीठे वापरतात: विद्यार्थ्यांनी स्वतः जमवलेल्या पुस्तकांसाठी बक्षीस. पुस्तके महाग असायची गरज नाही. एखाद्या मुलीने फुटपाथवरून घेतलेली पन्नास जुनी पाककृतीची पुस्तके, एखाद्याने जमवलेली तमाशाच्या वगांची पुस्तके, दलित चळवळीची पत्रके. संग्रह का जमवला आणि त्यात काय उणे आहे यावर त्याने दोन पाने लिहायची. यातून ग्रंथालयाला पुढचे देणगीदार मिळतात, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ग्रंथपालाला कळते की बाजारात काय फिरते आहे आणि आपल्याकडे काय नाही.

आता वार्तापत्र. मंडळाच्या बातम्या म्हणजे काय याची आपली कल्पना वर्तमानपत्रांच्या सांस्कृतिक पानावरून आलेली आहे: अध्यक्षस्थानी कोण होते, प्रास्ताविक कोणी केले, आभार कोणी मानले. असा अंक वाचून कोणालाही पुढे काही करावेसे वाटत नाही. दोन पानांचा, तिमाही, साध्या कागदावरचा किंवा मोबाइलवर पाठवायचा अंक पुरे. पण त्यात चार गोष्टी असाव्यात. गेल्या तीन महिन्यांत मंडळामुळे दाखल झालेली पुस्तके त्यांच्या दाखल क्रमांकांसह. ग्रंथालयाला आज हव्या असलेल्या गोष्टी, नावानिशी. आलेल्या आणि खर्च झालेल्या पैशांचा हिशेब. आणि एखाद्या कर्मचाऱ्याचे काम समजावून सांगणारा मजकूर. दाखल क्रमांक छापायला मी एवढा आग्रह का धरतो? देणगीदाराने वर्षभराने ग्रंथालयात जाऊन तो क्रमांक संगणकावर शोधला तर पुस्तक कपाटात मिळाले पाहिजे. ही एक सवय लागली की देणगीची पुस्तके तळघरात पडून राहण्याचा जुना रोग आपोआप कमी होतो, कारण अंक निघायच्या आधी कोणाला तरी क्रमांक द्यावाच लागतो. कर्मचाऱ्याच्या कामावरचा मजकूरही शोभेचा समजू नका. बांधणी विभागातला माणूस वर्षाला किती खंड बांधतो, देवघेवीच्या खिडकीवर परीक्षेच्या महिन्यात काय होते, वर्गीकरणात मराठी विषयांची अडचण कुठे येते, हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. ते कळले की मागणी करणाऱ्याची भाषा बदलते.

वार्तापत्रात उणेपण छापावे का, यावर मतभेद होतात. हरवलेली, फाटलेली, वाळवीने खाल्लेली पुस्तके जाहीर केली तर ग्रंथालयाची बदनामी होते, असे प्रशासनाला वाटते. केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात चार्ल्स डार्विनच्या दोन वह्या २००१पासून जागेवर नव्हत्या. त्यांतल्या एकीत उत्क्रांतीच्या वृक्षाचे त्याने काढलेले प्रसिद्ध रेखाटन आहे. बरीच वर्षे त्या चुकीच्या जागी ठेवल्या गेल्या असाव्यात असेच मानले गेले आणि शोध आतल्या आत चालला. नोव्हेंबर २०२०मध्ये ग्रंथालयाने त्या चोरीला गेल्या असाव्यात असे उघडपणे सांगून जगाला आवाहन केले. मार्च २०२२मध्ये कोणीतरी एका गुलाबी पिशवीत घालून, ग्रंथपालांना ईस्टरच्या शुभेच्छा देणाऱ्या चिठ्ठीसह, त्या इमारतीत आणून ठेवल्या. आवाहनामुळेच त्या परत आल्या असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण वीस वर्षांच्या गप्प राहण्याने त्या आल्या नव्हत्या, आणि जाहीर केल्यावर दीड वर्षात आल्या, एवढे खरे. त्यात ग्रंथालयाची अब्रू गेली असे मला तरी दिसले नाही. उलट त्याबद्दल लोकांना आस्था वाटली. तेव्हा ग्रंथपालांची संमती घेऊन, कोणावर ठपका न ठेवता, गरजेची यादी जशी छापता तशीच हानीची यादीही छापा.

या सगळ्यात एक खड्डा आहे आणि त्यात बहुतेक मंडळे पडतात. ‘ग्रंथालयाला पुस्तके द्या’ असे जाहीर करताच घरे रिकामी होऊ लागतात. जुन्या अभ्यासक्रमाची क्रमिक पुस्तके, कालबाह्य कायद्यांची टिपणे, एकाच कादंबरीच्या अनेक प्रती, भेट मिळालेली पण न उघडलेली चरित्रे पोत्यांनी येतात. ग्रंथपालाला नाही म्हणणे जड जाते, कारण देणारा निवृत्त प्राध्यापक असतो किंवा त्याची मुलगी वडिलांच्या आठवणीने ओथंबलेली असते. पुढे ती पुस्तके वर्गीकरणाविना पडतात आणि त्यांचे निर्लेखन करायचे तर सरकारी पद्धतीने समिती बसवावी लागते. मंडळाचा खरा उपयोग इथे आहे: नाही म्हणण्याचे काम मंडळाने अंगावर घ्यावे. देणगीचा एक पानी अर्ज करा. त्यात देणाऱ्याने पुस्तकांची यादी आधी पाठवायची, ग्रंथपालाने हवी ती निवडायची, उरलेली मंडळाने दुसऱ्या वाचनालयाला द्यावीत किंवा वार्षिक विक्रीत काढावीत, आणि विक्रीचा पैसा ग्रंथालयासाठी वापरावा, हे स्पष्ट लिहिलेले असावे. ‘सगळा संग्रह एकत्र ठेवा, वडिलांच्या नावाचे कपाट करा’ ही अट शक्यतो स्वीकारू नका. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या पानावर देणगीदाराच्या नावाची पट्टी लावा आणि तालिकेच्या नोंदीतही ते नाव घाला. नाव टिकते आणि पुस्तक त्याच्या विषयाच्या जागी बसते. जुने दुर्मीळ पुस्तक स्कॅन करून सर्वांना खुले करायचे असेल तर स्वामित्व हक्क पाहा: भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो, तेव्हा वारसाची लेखी परवानगी किंवा साठ वर्षे, यांपैकी एक हवेच.

सर्वात गंभीर आक्षेप पैशांचा आहे आणि तो डावीकडून येतो, असे म्हणू या. विद्यापीठाचे ग्रंथालय चालवणे ही शासनाची जबाबदारी. मंडळाने पैसे दिले की अर्थसंकल्पात तेवढी कपात होईल आणि मित्रांच्या उदारपणाने सरकारचीच सुटका होईल. ही भीती पोकळ नाही. पण तिचे उत्तर मंडळ न काढणे हे नाही. मंडळाने काय द्यायचे आणि काय द्यायचे नाही हे घटनेत लिहिणे हे आहे. पगार, वीज, नियतकालिकांची नेहमीची वर्गणी, छपराची दुरुस्ती यांना मंडळाने हात लावू नये. तिथे मंडळाने मागणी करावी, निवेदने द्यावीत, अधिसभेतल्या निवडून आलेल्या सदस्यांकडून प्रश्न विचारून घ्यावेत. जे कोणत्याही अर्थसंकल्पात कधीच बसत नाही ते द्यावे: लिलावात निघालेला एखादा पत्रसंग्रह, सूचीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक, पोथ्यांचे खोके. मोठी देणगी आली तरी ही विभागणी सोडू नये. प्रेमचंद रायचंद यांनी १८६४मध्ये मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी शेअरबाजार कोसळून त्यांचे साम्राज्य गेले, पण विद्यापीठाकडे दिलेला पैसा वाचला आणि जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांच्या आराखड्यावर राजाबाई मनोऱ्यासह ग्रंथालय उभे राहिले, ते १८८०पासून खुले झाले. २०१५मध्ये त्याचा जीर्णोद्धार झाला तोही टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या पैशातून. वास्तूला दाते मिळतात, कारण वास्तू रस्त्यावरून दिसते. आत बसून तालिका करणाऱ्याला दाता शोधून देणे हे मंडळाचे काम.

देणगीच्या अटी लेखी हव्यात, याला ऑक्सफर्डचीच दुसरी गोष्ट साक्ष आहे. संस्कृतचे प्राध्यापक मोनियर विल्यम्स यांनी भारतात फिरून, संस्थानिकांकडून आणि इतरांकडून पैसे जमवून तिथे ‘इंडियन इन्स्टिट्यूट’ काढली. १८८३मध्ये कोनशिला बसली. इमारतीत ग्रंथालय होते. १९६०च्या दशकात विद्यापीठाला ती जागा हवीशी झाली आणि विरोध होऊनही १९६८मध्ये ग्रंथालय न्यू बोडलियनच्या गच्चीवर बांधलेल्या मजल्यावर हलवले गेले. पुस्तके सुरक्षित राहिली, म्हणून हा घोर अन्याय होता असे मी म्हणणार नाही. पण ज्यांनी पैसे दिले त्यांच्या वारसांच्या हाती विचारण्यासारखे फार काही उरले नव्हते. तेव्हा करारपत्रात तीन वाक्ये घाला: पैसा कशासाठी आहे, तो हेतू पुढे शक्य न राहिल्यास सर्वात जवळचा हेतू कोणता, आणि तो बदल कोणाला विचारून करायचा.

ढवळाढवळीची शंका प्रशासनाच्या मनात असते, आणि ती दूर करायची जबाबदारी मंडळाची. पुस्तकखरेदीत, नेमणुकांत, ग्रंथालयाच्या वेळांत मंडळाने सल्ला द्यावा, हुकूम देऊ नये. कार्यकारिणीत कोणी प्रकाशक किंवा पुस्तकविक्रेता असेल तर खरेदीच्या चर्चेतून त्याने उठून जावे. महाराष्ट्रात २०१६च्या विद्यापीठ कायद्यानंतर ग्रंथालयाला ज्ञानस्रोत केंद्र म्हणतात. त्याच्या संचालकांना मंडळाचे पदसिद्ध सदस्य करा आणि कार्यक्रमांची वार्षिक आखणी त्यांच्या गरजेच्या यादीवरून करा. आखणीत एक साधी काळजी घ्या. २३ एप्रिल, १२ ऑगस्ट, १५ ऑक्टोबर, नोव्हेंबरमधला ग्रंथालय सप्ताह, २७ फेब्रुवारी या ग्रंथ, वाचन आणि भाषेच्या ठरलेल्या दिवसांत ग्रंथालयाचे कर्मचारी आधीच वेगवेगळ्या परिपत्रकांचे कार्यक्रम पार पाडत असतात. त्यात आणखी एक टाकू नका. जून-जुलैत, नवे विद्यार्थी येतात तेव्हा, ओळखपत्र काढून घेण्याचा आणि संगणकीय तालिका शोधायला शिकवण्याचा आठवडा ठेवा. वाचकांची यादी तिथे वाढते.

नोंदणीची घाई नको. मंडळ स्वतंत्र करायचे तर किमान सात सदस्य, संस्था नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्त संस्था म्हणून नोंद, दर वर्षी लेखापरीक्षण आणि पदाधिकारी बदलले की बदल अर्ज, एवढे सगळे मागे लागते. पहिली दोन-तीन वर्षे माजी विद्यार्थी संघाची शाखा म्हणून काम करा आणि पैसे विद्यापीठाच्या खात्यात, वेगळ्या शीर्षाखाली, पावतीने भरा. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला आजवर स्वतंत्र जागा राहिली आहे, त्यामुळे विद्यापीठालाही यात रस असतो. करसवलतीबद्दल देणगीदाराला आधीच खरे सांगा: संस्थेला ती मान्यता असेल तरच वजावट मिळते, २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत ही वजावटच नाही. परदेशातल्या मित्रांबाबत अधिक जपा. भारतीय पारपत्र असलेल्या माणसाने तिथल्या स्वतःच्या बचतीतून बँकेमार्गे पाठवलेला पैसा परकीय योगदान धरला जात नाही. पण ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्याचा पैसा, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असले तरी, परकीय ठरतो. तो मंडळाच्या खात्यावर घ्यायचा तर परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे चालू असावी लागते. न्यू जर्सीतल्या किंवा लंडनमधल्या एखाद्या उत्साही माजी विद्यार्थ्याने मंडळाच्या खात्यावर परस्पर पैसे टाकले तर ते परत पाठवण्याची वेळ येईल, म्हणून वार्तापत्रात खाते क्रमांकाच्या वरच ही सूचना ठळक छापा. त्याच्याकडून पैशांऐवजी आधी दुसरी मदत मागा: त्याच्या शहरातल्या विद्यापीठाच्या तालिकेत तुमच्या जिल्ह्यावरचे कोणते मराठी पुस्तक आहे जे तुमच्याकडे नाही, याची यादी करून पाठवायला सांगा.

मंडळाच्या पहिल्या सभेला अध्यक्ष नेमू नका, प्रमुख पाहुणे तर नकोतच. निमंत्रणावर वेळ ग्रंथालय उघडे असतानाची टाका, जागा नियतकालिक विभागातले मोठे टेबल ठेवा, आणि येणाऱ्याने पेन्सिल आणावी असे खाली लिहा. गहाळ अंकांची यादी त्याच दिवशी सुरू करता येते.